डावीकडचा आवाज

फट् असा आवाज झाला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावरून पांढऱ्या धुराची एक बारीक रेघ छताकडे निघाली.

"मेला!" असं म्हणत सातवीने आधी अ‍ॅडॅप्टरची पिन उपटली, मग खिडकी उघडली आणि मग चष्मा शोधला. तो डोक्यावरच होता.

बाहेरच्या खोलीतून नवऱ्याने विचारलं, "कोण मेला?"

"कपॅसिटर."

"ओळखीतला होता?"

"माझ्या होता. तुम्ही पेपर वाचा."

करपलेला, जरा मासळीसारखा वास घरभर पसरला. मुलगी आतल्या खोलीत ऑफिसचं काम करत बसली होती, ती धावत आली. तिने आधी आईची बोटं उलटसुलट करून पाहिली, भाजलेलं नाही याची खात्री केली आणि मगच रागवायला सुरुवात केली.

"आई, तयार रेकॉर्डर मिळतात गं. मी मागवते. उद्या घरी येईल."

"मागव. आला की तुझ्याजवळ ठेव."

"पण हा हट्ट कशासाठी?"

"हट्ट नाही, काम आहे," सातवी म्हणाली आणि फुटलेला कपॅसिटर चिमट्याने उचलून उजेडात धरला. टोपी उडालेल्या त्या एवढ्याशा नळकांड्यावरची पांढरी पट्टी चुकीच्या बाजूला होती. जिने जन्मभर कपॅसिटरच बसवले, तिने कपॅसिटर उलटा बसवला होता. तिला स्वतःचा इतका राग आला की त्यापायी नवऱ्याचा दुपारचा चहा चांगलाच लांबला.

कागदोपत्री तिला एक नाव होतं, चांगलं सुरेख होतं. पण अर्धं आयुष्य ज्या बायकांबरोबर गेलं त्यांनी ते कधी वापरलं नाही. कारखान्यात लांबलचक टेबलाशी बायका ओळीने बसत आणि जिची जी खुर्ची तोच तिचा आकडा. ही सातव्या खुर्चीवर, म्हणून सातवी. तिच्या डाव्या हाताला आठवी. लग्नानंतर नवऱ्याला हे कळलं तेव्हा त्याने "म्हणजे आमची बायको सातवीच्या पुढे गेलीच नाही" असा विनोद केला होता, आणि तो एकच विनोद तो तेव्हापासून पुरवून पुरवून खात होता.

उजवीकडून सर्किटचा बोर्ड यायचा. सातवीने त्यात दोन कपॅसिटर खोचायचे, त्यांचे चार पाय वितळलेल्या सोल्डरने जोडायचे आणि बोर्ड डावीकडे सरकवायचा. आठवी पुढचं करायची. पुढे आणखी बऱ्याच खुर्च्या होत्या आणि सगळ्यांच्या शेवटी एक दार होतं. त्या दाराच्या आत बोर्ड जायचा, बायकांना जायची परवानगी नव्हती. तो बोर्ड नक्की कशात बसवतात हे कोणी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. कोणी म्हणे लिफ्टमध्ये, कोणी म्हणे वजनकाट्यात. आठवीचं मत वेगळं होतं. "सुपरवायझरच्या डोक्यात बसवतात," ती म्हणायची, "म्हणून तर सारखे नवे लागतात."

बोर्ड चौकटीत घट्ट अडकवलेला असायचा आणि कपॅसिटरची पांढरी पट्टी कायम सातवीच्या छातीकडे यायची. पट्टी आपल्याकडे, चार जोड, सरकव. हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. पुढे एक दिवस यंत्र आलं, ते सगळ्या खुर्च्यांचं काम एकटं करू लागलं, आणि बायकांना एकेक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवण्यात आलं. आता ती जो रेकॉर्डर सुट्या भागांतून जोडत होती, त्या किटमधल्या बोर्डावर मात्र पट्टी पलीकडच्या बाजूला हवी होती. सोबतच्या चित्रात तसं स्पष्ट छापलं होतं. सातवीने ते दोनदा वाचलंही होतं. डोळ्यांनी वाचलं, हाताने ऐकलं नाही.

या सगळ्याला कारण झाला आठवीचा घसा.

आठवीचा आवाज बसला तो बसलाच. आधी सर्दी म्हणून काढे झाले, मग तपासण्या झाल्या, मग डॉक्टरांनी गाठ आहे म्हणून सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. गळ्याला भोक पाडून श्वास तिथून घ्यायचा. तोंडाने बोलणं बंद, कायमचं. ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. तोवर तिच्याकडे नुसती कुजबुज उरली होती, वाऱ्यावर बोलल्यासारखी. भेटायला येणारे हळहळत, "आवाज गेला हो बिचारीचा," असं तिच्या देखतच म्हणत.

सातवीला हे पटत नव्हतं. कारखान्याच्या लाईनीवर बोलायला बंदी होती. सुपरवायझर बूट करकरवत मागून फिरायचा, त्या बुटांवरून बायकांनी त्याला करकऱ्या म्हणायला सुरुवात केली होती. एखादीचे ओठ हलताना दिसले की तिचं नाव फळ्यावर लागायचं. आठवीचं नाव एकदाही लागलं नाही, आणि त्या अख्ख्या कारखान्यात तिच्याइतकं कोणी बोलत नव्हतं. मान खाली, नजर बोर्डावर, ओठ जागचे हलायचे नाहीत आणि सातवीच्या डाव्या कानात दिवसभर बारीक आवाजात सगळ्या जगाची उणीदुणी चालायची. संध्याकाळी फाटकाबाहेर आल्यावर आठवी मोठ्याने बोलायची, पण तिथून दोघींचे रस्ते वेगळे होते. मोकळ्या गळ्याची आठवी सातवीला जेमतेम फाटकापासून कोपऱ्यापर्यंत माहीत होती. बाकी सगळी कुजबुजच. लोक ज्याला आवाज गेला म्हणत होते, तो जाऊन नेमका तिचा खरा आवाज मागे राहिला होता. आणि आता तोही काढून घेणार होते.

म्हणून सातवीने मुलीला सोबत नेऊन आठवीचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायला लावलं. घरी येऊन ऐकलं तर त्यात शेजारच्यांचा कुत्रा होता, कपात आपटलेला चमचा होता, सातवीचं हसू होतं. आठवी कुठेच नव्हती. सातवी कशाला हसतेय तेच कळत नव्हतं.

मुलीने फोनची सगळी बटणं दाबून पाहिली आणि मग ओशाळून सांगितलं, "आई, हा फोन ना, आपोआप सफाई करतो. माणसाचा आवाज ठेवतो आणि मागची खरखर पुसून टाकतो. मावशींचा आवाज त्याला खरखर वाटतोय."

"म्हणजे ती माणूस नाही?"

"अगं, मी कुठं म्हणतेय? फोन म्हणतोय."

"त्याला कुणी शिकवलं हे?"

मुलीने फोन बंद करून ठेवला. सातवीचं टाळकं सटकलं होतं. जन्मभर लाईनीवर बोलू नका, बोलू नका, आणि ज्या बाईने त्या बंदीला पुरून उरत रोज आठ तास बडबड केली, तिला आता एक फोन पुसून टाकतो. दुसऱ्या दिवशी ती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

"रेकॉर्डिंगचं यंत्र पाहिजे. पण त्यानं आपलं डोकं चालवता कामा नये. जे ऐकू येईल ते सगळं घ्यायचं."

दुकानदाराने एक खोका काढला. आत पुड्या होत्या. एक माईक, त्याचा बारीक आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर, आवाज कार्डवर साठवणारा छोटा बोर्ड आणि तो परत ऐकायला एक स्पीकर. "हे घ्या. पण तयार नाही बरं का, किट आहे. नातवाच्या शाळेसाठी का?"

"नातू अजून रांगतोय. माझ्यासाठी."

"सोल्डरिंग करावं लागेल, काकू."

"त्यासाठीच घेतेय," सातवी म्हणाली.

आणि ते खरंही होतं. मुलीला तिने नीट सांगितलं नव्हतं, कारण सांगायला गेलं की ते वेड्यासारखं वाटायचं. सगळी उमर तिने जोड दिले आणि एकही वस्तू केली नाही. चार जोडांच्या पुढे काय झालं हे तिला कधी दिसलं नाही. मरण्याआधी एकदा, पहिल्या पुडीपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत, एक वस्तू तिला स्वतःच्या हाताने पुरी करायची होती. आणि तिच्यात पहिला आवाज आठवीचाच भरायचा होता.

कपॅसिटर फुटल्यावर ती परत त्याच दुकानात गेली. दुकानदार तिच्या हातातलं ते कलेवर पाहून हसला. "उलटा लावलात ना?"

"मी सरळच लावला. तुमचा बोर्ड उलटा आहे."

तो आणखी हसला आणि त्याने दोन कपॅसिटर दिले, एक लावायला आणि एक फोडायला. वर सांगितलं, अ‍ॅडॅप्टर नको, बॅटरीवर चालवा, नाहीतर आवाजात सारखा घूं येत राहील. आणि सगळं धातूच्या डब्यात बसवा. सातवीने मान डोलावली. चांगला सल्ला कोणाकडूनही घ्यायला तिची ना नव्हती, फक्त तिला काकू म्हणून दिलेला तेवढा आवडत नसे.

घरी येऊन तिने बोर्ड समोर घेतला, कपॅसिटर उचलला, आणि हात परत पट्टी आपल्याकडे करून थांबला. तिने हाताला समजावलं. हात ऐकेना. मग तिने हाताचा नाद सोडला आणि बोर्डच गर्रकन फिरवून उलट्या बाजूने समोर ठेवला. आता पट्टी तिच्याकडेच होती आणि बरोबरही होती. चित्रही उलटं धरावं लागलं. नवरा दारात उभा राहून बघत होता.

"उलटं वाचतेयस."

"कारखाना सुरू आहे. आत यायचं तर बूट करकरवत या."

पुढचे दिवस टेबलावर जेवण झालं नाही. घर मांडीवर ताटं घेऊन जेवलं. सातवीने एकेक पुडी फोडली. पाचवीचं काम केलं, सहावीचं केलं, स्वतःचं केलं. आठवीचं काम आलं तेव्हा तिला मजा वाटली, कारण ते इतकी वर्षं शेजारी होत असताना तिने एकदाही मान वळवून पाहिलं नव्हतं. मान वळवायलाही बंदी होती. आठवी बारीक तारा लावायची, हे तिला फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यातून ठाऊक होतं. त्या तारा लावणं फार किचकट निघालं. तीनदा सुटल्या. "एवढं करत करत ही बया बोलायची कशी!" असं ती स्वतःशीच पुटपुटली.

चहाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात सगळं बसलं. झाकणाला भोक पाडून माईकची वायर बाहेर काढली. बटण दाबलं की लाल दिवा लागायचा. चाचणीसाठी तिने डबा बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवला, दिवा लावला आणि विसरून भाजी चिरायला बसली. नंतर ऐकलं तर त्यात भरदुपारचं दणदणीत घोरणं होतं. मी घोरत नाही म्हणून नवरा लग्नापासून शपथा वाहत होता. सातवीने ते त्याला दोनदा ऐकवलं, मुलीला बोलावून तिसऱ्यांदा ऐकवलं.

"पहिला मान आठवीचा होता," ती म्हणाली, "तो तुमच्या नाकानं घेतला."

नवरा म्हणाला, "यंत्र मात्र चांगलं झालंय गं." त्याने हे अगदी साधेपणाने सांगितलं. सातवीने घोरणं पुसलं नाही, ते कार्ड काढून ठेवलं आणि डब्यात नवं घातलं.

ऑपरेशन चार दिवसांवर आलं होतं तेव्हा ती डबा पिशवीत घालून आठवीच्या घरी गेली. सुनेने दार उघडलं आणि पिशवीतून बाहेर आलेली वायर पाहून तिचा चेहरा पडला.

"मावशी, त्यांना बोलायचं नाहीये. डॉक्टरांनी सांगितलंय."

डॉक्टरांनी जपून बोला म्हटलं होतं, सातवी तेव्हा तिथेच होती. घराने त्याचं बोलू नका करून टाकलं होतं. आठवीच्या हातात एक पाटी दिली होती, हवं ते लिहून दाखवायला. पलंगावर उशीला टेकून ती बसली होती आणि पाटी पायाशी पालथी पडली होती.

आठवीचा मुलगा खुर्चीवरून उठला. तो वाईट नव्हता. आईच्या काळजीने त्याची झोप उडाली होती आणि त्याला कोणीही आलेलं नको होतं. "मावशी, तुमचं प्रेम कळतं मला. पण तिला दम लागतो. आणि आवाजच हवा असेल तर माझ्याकडे जुने व्हिडिओ आहेत की. चांगल्या आवाजातले. माझ्या लग्नातला आहे."

"पाहिलाय मी. त्यात ती सगळ्यांना जेवून जा म्हणतेय."

"मग?"

"ती तुझी आई रे. तुझ्याजवळ आहे ती, सुखात राहू दे. मला माझी आठवी पाहिजे. ती कुठल्याच व्हिडिओत नाही."

"तिला त्रास झाला तर जबाबदार कोण?"

सातवी काही बोलणार तोच पलंगावरून ठक् असा आवाज आला. आठवीने पाटी उचलून पलंगाच्या दांड्यावर आपटली होती. मग तिने खडू घेतला, भलीमोठी अक्षरं काढली आणि पाटी मुलासमोर धरली. 'बाहेर जा.'

"आई, अगं मी तुझ्यासाठीच..."

आठवीने त्या दोन शब्दांखाली रेघ ओढली.

मुलगा गेला. सून त्याच्या मागे गेली. सातवी पिशवी रिकामी करते न करते तोच तो परत दारात आला. त्याचे डोळे लाल झाले होते. आईकडे न पाहता त्याने पंख्याचं बटण बंद केलं. "आवाज येतो पंख्याचा," तो म्हणाला. "फ्रिज पण घुरघुरतो, तो बंद करतो. कुणाला बेल वाजवू देत नाही." आणि त्याने दार अलगद लावून घेतलं. सातवीला वाटलं, उगाच बोलले पोराला.

खोली शांत झाली तशी भिंतीवर टिकटिक ऐकू यायला लागली. तेच घड्याळ. कारखान्याने सगळ्यांना एकसारखंच दिलं होतं. सातवीने स्टूल ओढलं, घड्याळ काढलं, कपाटातल्या रजयांच्या मध्ये खुपसलं आणि कपाट लावलं.

"आज कंपनीनं मध्ये बोलायचं नाही," ती म्हणाली.

आठवीच्या छातीतून हवा हलली. ती हसत होती. डब्याकडे बोट करून कुजबुजली, "काय आणलंस? चहा?"

"तुला भरून न्यायला आणलाय डबा. बोल आता."

लाल दिवा लागला. आणि नवल असं की आठवी गप्प झाली. तिने दिव्याकडे पाहिलं, सातवीकडे पाहिलं, पदराशी चाळा केला.

"काय बोलू?"

"काहीही बोल."

"काहीही बोलायला तू काय पाहुणी आहेस?" मग तिचे डोळे भरून आले. समोरासमोर बसून, एकमेकींच्या तोंडाकडे बघत बोलायचं, हे दोघींनाही जमत नव्हतं. असं त्या कधी बोलल्याच नव्हत्या.

सातवीच्या लक्षात आलं. ती उठली आणि पलंगावर आठवीच्या उजव्या हाताला, खांद्याला खांदा लावून बसली. माईक दोघींच्या मध्ये धरला, जिथे तिचा डावा कान होता तिथे. पाटी आठवीच्या मांडीवर ठेवली आणि पाटी पुसायचं फडकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. दोघींनी माना खाली घातल्या.

मग डावीकडून, ओठ न हलवता, आवाज आला.

"आला बघ. मान खाली."

सातवीने मान आणखी खाली घातली.

"नवे बूट घेतलेत मेल्यानं. हे पण करकरतात. दुकानात मुद्दाम करकरणारेच मागत असेल... थांबला. बारावीच्या मागं थांबला. पोट आत घेतलं. सोडलं. हसू नकोस गं, फळ्यावर जाशील."

आणि मग ते सुरू झालं ते थांबेना. करकऱ्या झाला, तिसरीचं जमता जमता राहिलेलं लग्न झालं, साहेब आले तेव्हा सगळ्यांना नवे एप्रन देऊन संध्याकाळी परत काढून घेतले तो दिवस झाला. मध्ये दम लागायचा, तेव्हा ती थांबायची, छाती खालीवर व्हायची, आणि पुन्हा तिथूनच धागा धरायची. सातवीची मुलगी तापाने फणफणली होती आणि सुट्टी मिळाली नव्हती, तेही तिने काढलं.

"तेव्हा तू एक जोड धड देत नव्हतीस. सगळे कच्चे. मी म्हटलं, ढकल, मी बघते. तुझे जोड देऊन माझ्या तारा. हात दोनच होते गं माझे. तुला कळलं होतं का?"

"कळलं होतं."

"मग कधी बोलली नाहीस?"

"बोलायला बंदी होती," सातवी म्हणाली, आणि आठवी इतकी हसली की तिला ठसका लागला. दाराबाहेर पावलं जवळ आली आणि थांबली. दार उघडलं नाही.

ठसका ओसरल्यावर ती म्हणाली, "भीती वाटते गं मला."

"वाटणारच."

"कापायची नाही. नंतरची. बोलू नको म्हणणारे मी खूप पाहिले, एकाचं ऐकलं नाही. आता माझाच गळा म्हणणार, बोलू नको. त्याच्यावर कशी कुरघोडी करू?" तिचा आवाज भरला, म्हणजे कुजबुज ओली झाली. "हे पण घेतोय का तुझा डबा? का खरखर म्हणून पुसतोय?"

"काही पुसत नाही. त्याला अक्कलच ठेवलेली नाही. तू देशील ते सगळं घेतो."

"मग घे म्हणावं," आठवी म्हणाली. "मी काय घाबरते की काय."

बोलता बोलता तिचं डोकं सातवीच्या खांद्यावर आलं आणि ती झोपली. सातवीने दिवा बंद केला नाही. कार्ड भरेपर्यंत तिचा श्वास आत जात राहिला.

ऑपरेशन झालं. आठवी वाचली. गळ्याला भोक राहिलं, त्यावर पातळ फडकं बांधावं लागे. भेटायला येणारे आता तिच्याशी ओरडून बोलत, जणू तिचे कानही कापले होते, आणि उत्तर देता येत नसल्यामुळे ती नुसती डोळे वटारत असे. घरची पाटी तिने पहिल्याच आठवड्यात नातवाला चित्रं काढायला देऊन टाकली.

थोडं बरं वाटल्यावर मुलगा तिला सातवीकडे सोडून गेला. सातवीने टेबल तयार ठेवलं होतं. दोन खुर्च्या एका बाजूला, शेजारी शेजारी. मध्ये दुसरं किट, अजून न फोडलेलं. ओळीतल्या बाकीच्या बायकांचेही आवाज भरायचे, असं सातवीने ठरवलं होतं, आणि एका डब्याने ते भागणार नव्हतं. आठवीला तिने डावीकडे बसवलं, हातात चिमटा आणि तारा दिल्या. आठवीने तारा चिमटीत धरून पाहिल्या.

पहिला डबा टेबलाच्या कोपऱ्यात होता. तो लावावा की नाही हे सातवीला ठरवता येत नव्हतं. आपलाच आवाज ऐकून हिच्या जिवाला काय होईल, या विचाराने तिने तो फडक्याखाली झाकला होता. आठवीने फडकं उचललं, डब्याकडे पाहिलं आणि बोटाने टेबलावर टकटक केलं. लाव.

"नक्की?"

आठवीने पुन्हा टकटक केलं, जरा जोरात.

सातवीने बटण दाबलं, बोर्ड उलटा फिरवून समोर घेतला आणि मान खाली घातली. आधी खोलीचा आवाज आला, दोघींचं सुरुवातीचं अडखळणं आलं. मग कुजबुज सुरू झाली. करकऱ्याचे बूट, बारावी, पोट आत, पोट बाहेर. सातवीने पट्टी आपल्याकडे करून कपॅसिटर खोचला. डावीकडे आठवी ओठ मिटून तारा लावत होती. ओठ तिचे तेव्हाही मिटलेलेच असायचे. सातवीने डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिचे हात पाहिले, तोंडाकडे पाहिलं नाही. तोंडाकडे पाहायची तिला कधी सवयच नव्हती. आवाज डावीकडून येत होता, बारीक आणि आगाऊ, जसा यायचा तसाच.

गोष्टी संपल्या, मग झोपेतला श्वास संपला, कार्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, अडखळणंही सरलं. तेवढ्यात दाराशी चपला फरफटल्या. चहाचं काय झालं ते बघायला नवरा आला होता.

"आला बघ," डबा म्हणाला. "मान खाली."

दोघींनी माना खाली घातल्या.

"काय चाललंय?" नवऱ्याने विचारलं. त्याने एकदा या मानेकडे पाहिलं, एकदा त्या मानेकडे पाहिलं आणि मग काय समजायचं ते समजून तो पाय न वाजवता परत फिरला.

आठवीचे खांदे हलत होते. गळ्यावरचं फडकं आतल्या हवेने फडफडत होतं आणि तिने कोपराने सातवीला ढोसलं, हसू नको, फळ्यावर जाशील. सातवीने डोळे खांद्याला पुसले. शेवटचा जोड नीट बसला नव्हता, तिला दिसत होतं. तिने त्याच्यावर फुंकर मारली आणि बोर्ड तसाच डावीकडे सरकवला.